घोडबंदरचे जोडपे कुठे जाणार? विसाव्याच्या ठिकाणांची साडेतीनशे वर्षे

१/
शुक्रवारची संध्याकाळ. घोडबंदर रस्त्यावर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत वाहनांची रांग लागलेली असते. कासारवडवलीच्या एखाद्या मनोऱ्यात, पंधराव्या मजल्यावर, एक जोडपे दोन दिवसांच्या सुट्टीचा विचार करीत असते. लोणावळा झाले, महाबळेश्वर झाले, माथेरान तर दोनदा झाले. यंदा काहीतरी वेगळे हवे. खिडकीबाहेर उल्हास नदीची खाडी हळूहळू अंधारत असते. तिच्याकडे मात्र दोघांचेही लक्ष नसते.

२/
साडेतीनशे वर्षांपूर्वी श्रीमंत माणसे विसाव्यासाठी घर कुठे बांधत, असा प्रश्न या परिसरात विचारला असता, तर उत्तर मिळाले असते : याच खाडीच्या काठी. महाबळेश्वरला तेव्हा एकही बंगला नव्हता. माथेरान हे ठाकर, धनगर आणि कातकऱ्यांच्या वावराचे रान होते. मग विसाव्याचा नकाशा उलटापालटा झाला कसा? आणि नवरा-बायकोने दोघांनीच कुठेतरी जावे, ही कल्पना आपल्याकडे रुजली कशी? हा धागा या दोन प्रश्नांचा.

३/
पहिला साक्षीदार आहे जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, ठाणे, वसई या भागांत फिरला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. ठाणे-वसईच्या जलमार्गावर त्याला पोर्तुगीज सरदारांचे वाडे दिसले. त्यांतल्या एका वाड्यापासून पाण्याच्या दिशेने पायऱ्यापायऱ्यांच्या बागा उतरत गेल्या होत्या. फ्रायरने या साऱ्याची नोंद केली आहे.

४/
याच वाटेवर त्याने एका नीटनेटक्या, मोठ्या गावाचे वर्णन केले आहे. त्याच्या लेखनात गावाचे नाव 'ग्रेबोंडेल' असे पडले आहे. ते म्हणजे आपले घोडबंदर. गाव मार्टिन अल्फान्सो नावाच्या सरदाराचे. गोव्याच्या अलीकडे त्याच्याएवढा धनवान दुसरा नाही, अशी त्याची ख्याती होती. टेकडीच्या माथ्यावर त्याचा किल्ला, त्याचे घर आणि एक चर्च होते. आज ज्याला आपण घोडबंदरचा किल्ला म्हणतो, तो याच टेकडीवर उभा आहे.

५/
या ऐश्वर्यामागचे कारण सरळ होते. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. वसई ही त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाची राजधानी झाली. साष्टी बेटावरील गावे सरदारांना आणि धार्मिक संघांना वाटून देण्यात आली. त्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या भातातून, मिठागरांतून आणि ताडमाडांतून जी वसुली होई, तिच्यावर खाडीकाठचे हे वाडे उभे होते. तेव्हा वसई, घोडबंदर आणि ठाणे यांना जोडणारा हमरस्ता म्हणजे पाणीच होते.

६/
'घोडबंदर' या नावाचा संबंध घोड्यांच्या व्यापाराशी जोडला जातो. अरबस्तानातून येणारे घोडे या बंदरात उतरत, अशी समजूत आहे. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, 'बंदर' हा शब्द मात्र आठवणीत ठेवावा. हे गाव रस्त्याच्या काठी वसले नव्हते, ते पाण्याच्या काठी वसले होते. ज्या दिवशी पाण्याची वाट मागे पडली, त्या दिवसापासून घोडबंदरही मागे पडू लागले.

७/
पहिला मोठा धक्का युद्धाचा होता. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टीची मोहीम उघडली. ठाणे आणि घोडबंदर मराठ्यांकडे आले. मोहीम पुढे दोन वर्षे चालली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला शरण आला. तहानुसार पोर्तुगिजांनी वसई सोडली. सरदार गेले आणि त्यांच्याबरोबर खाडीकाठच्या वाड्यांमधले जीवनही संपले. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बेट त्यांच्या ताब्यात गेले.

८/
या मोहिमेने एक नवे ठिकाणही घडवले. वसईच्या विजयासाठी चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता. विजयानंतर देवीचे मंदिर बांधले गेले. किल्ल्याच्या तटासारखी त्याची बांधणी आणि समोरच्या पायऱ्या आजही पाहता येतात. जवळच तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. मंदिर आणि कुंडे, दर्शन आणि स्नान : महाराष्ट्रातील जोडप्यांच्या प्रवासाची जुनी रीत या जोडीत नेमकी सापडते.

९/
कारण मराठी समाजात नवरा-बायकोच्या एकत्र प्रवासाला पहिली मान्यता दिली ती तीर्थयात्रेने. लग्नानंतर पहिले जाणे कुलदैवताला. जेजुरीला नवरा नवरीला उचलून गडाच्या पायऱ्या चढतो, ही प्रथा आजही टिकून आहे. एकत्र कुटुंबात, दिवसाउजेडी, चारचौघांच्या देखत नवऱ्याने बायकोला उचलून घेण्याची मुभा दुसरीकडे कुठे होती? देवाच्या निमित्ताने मिळालेली ती मोकळीक होती. 'जोडीने दर्शन' या दोन शब्दांत धर्म होता, तसा थोडा एकांतही होता.

१०/
महाबळेश्वरही मुळात क्षेत्रच. कृष्णेच्या उगमाचे आणि शंकराचे स्थान. जानेवारी १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी शिवाजी महाराजांनी येथे मातोश्री जिजाबाई आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. म्हणजे लोक या डोंगरावर शतकानुशतके येत होते. पण ते स्नानाला, दानाला, दर्शनाला. तिथल्या थंड हवेसाठी कोणी मुक्काम हलवीत नसे. हवा ही सोय होती, हेतू नव्हता.

११/
हवेला हेतूचे स्थान मिळाले ते इंग्रजी अमलात. १८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतील लॉडविक हा लष्करी अधिकारी या पठारावर चढला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम येथे आला. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला : महाबळेश्वरच्या मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव. पठारावरील बाजारपेठेला 'माल्कम पेठ' नाव मिळाले. दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, इंग्रजांनी त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले.

१२/
नव्या ठिकाणाचा उद्देश स्पष्ट होता : उन्हाळ्याने आणि तापाने खंगलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना प्रकृती सुधारण्याची जागा. तिथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी बटाटे आणि इतर भाज्यांची लागवड केली. गोरे साहेब आणि मडमा घोड्यांवरून निसर्गदृश्ये पाहत फिरत. आज जोडपी ज्या 'पॉइंटां'वर छायाचित्रे काढतात, त्यांतल्या अनेकांची नावे त्याच काळातली आहेत.

१३/
पण मुंबई-ठाण्याच्या माणसाला महाबळेश्वर दूर होते. बोटीने सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत, तिथून पुढे घाट. नाहीतर पनवेल-पुण्यावरून लांबचा वळसा. इथे एक ठाणेकर अधिकारी आपल्या कथेत येतो. ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर. मे १८५० मध्ये त्याचा तंबू चौक गावी होता. समोरच्या डोंगरावर तो एका संध्याकाळी चढून गेला आणि माथ्यावरचे दाट रान पाहून थक्क झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा आला आणि त्याने तिथे राहण्याची सोय केली.

१४/
'महाबळेश्वरऐवजी काहीतरी वेगळे, आणि जवळचे' या शोधातून ठाणे जिल्ह्याच्या कलेक्टरला मिळालेले उत्तर म्हणजे माथेरान. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने त्यात रस घेतला, रस्ते झाले, बंगले झाले. इंग्रजी पुस्तकांत याला 'माथेरानचा शोध' म्हणतात. परंतु मॅलेट चढला ती वाट आधीपासून वहिवाटीची होती. डोंगरावर माणसे राहत होती, डोंगराला नाव होते. शोध लागला तो साहेबाला.

१५/
यानंतर निर्णायक गोष्ट घडली : आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. लोहमार्ग नेरळवरून खोपोलीकडे सरकला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून थेट पुण्याला जोडला गेला. खंडाळा-लोणावळ्याची खेडी मुंबईकरांच्या आवाक्यात आली. ठिकाण सुंदर असून भागत नाही, तिथवर वाट असावी लागते. लोणावळा नावारूपाला आले ते या वाटेमुळे.

१६/
तीच आगगाडी घोडबंदरला मात्र मारक ठरली. पूर्वेकडचा लोहमार्ग ठाण्यावरून कल्याणला वळला. पश्चिमेकडचा, १८६० च्या दशकात, वसईची खाडी ओलांडून गुजरातहून मुंबईत आला. या दोन मार्गांच्या मधोमध राहिले घोडबंदर. गाडी कुणाच्याच वाटेत इथे थांबेना. पाण्यावरची वर्दळ घटली. ज्या काठावर एकेकाळी बागा होत्या, तो काठ प्रवाशांच्या नकाशातून पुसट झाला.

१७/
आता जोडप्याकडे वळू. गाडी आली, थंड हवेची ठिकाणे आली. पण मराठी नवरा-बायको दोघेच तिथे जाऊ शकत होते का? कल्याणच्या माहेरवाशीण आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण पाहावे. जन्म १८६५ चा. पती गोपाळराव टपाल खात्यात. बदल्यांमुळे हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता असे फिरले. पतीबरोबर उघड चालणाऱ्या, शिकणाऱ्या तरुण स्त्रीची रस्त्यात हेटाळणी होई. अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे दिलेल्या भाषणात, त्यांनी अशा छळाविषयी स्पष्टपणे सांगितले.

१८/
दुसरे जोडपे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचे. रानड्यांच्या सरकारी दौऱ्यांत रमाबाई सोबत असत. १८८६ मध्ये वित्त समितीच्या कामासाठी रानड्यांना सिमला आणि कलकत्ता येथे राहावे लागले, तेव्हाही त्या बरोबर होत्या. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात या सहजीवनाचे चित्र आहे. घरातल्या सोवळ्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या नजरेबाहेर, मुक्कामाच्या गावी, अभ्यास आणि गप्पा अधिक मोकळेपणाने होत. प्रवास हीच त्यांची खोली होती.

१९/
म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मराठी जोडप्याला घराबाहेर पडण्याची तीन मान्य कारणे होती. पहिले तीर्थयात्रा. दुसरे बदली किंवा दौरा. तिसरे 'हवापालट'. हा तिसरा शब्द विलक्षण उपयोगी ठरला. 'आम्हांला फिरायचे आहे' असे सुनेने म्हणणे शक्य नव्हते. 'डॉक्टरांनी हवापालट सांगितली आहे' यावर सासूलाही फार बोलता येत नसे. 'हवा खायला जाणे' हा वाक्प्रचार औषधाच्या वाटेने घरात आला आणि पुढे हौसेचा झाला.

२०/
हौस वाढली तशी सोय वाढली. १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे बांधली गेली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती उभारली. खर्च सोळा लाख रुपये. जिथे पूर्वी घोडा, पालखी किंवा पाय एवढीच साधने होती, तिथे मुंबईचा मध्यमवर्गीय आता तिकीट काढून बसू लागला.

२१/
पण ज्या ठिकाणी लोक विसावा घेतात, त्या ठिकाणची माणसे विसावलेली नसतात. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्येच एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते शिकून वकील झाले, शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी झटले, १९४२ च्या लढ्यात त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणे हा त्या दस्त्याच्या लढ्याचा भाग होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल हुतात्मा झाले. माथेरानच्या कहाणीत बंगल्यांइतकीच जागा त्यांचीही आहे.

२२/
स्वातंत्र्यानंतर वाट आणखी स्वस्त झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. गिरणी, कचेरी, बँक यांतल्या नोकरीने हक्काची रजा दिली. शहरातील दोन खोल्यांच्या घरात नवविवाहितांना एकांत दुर्मीळ होता. तो चार दिवस विकत घेता येऊ लागला. 'हनिमून'चे मराठी रूप 'मधुचंद्र' घरोघरी पोहोचले. कुलदैवताचे दर्शन सुटले नाही. आधी जेजुरी, मग महाबळेश्वर, असा क्रम अनेक घरांत ठरून गेला.

२३/
आता पुन्हा घोडबंदर. रेल्वेने बाजूला टाकलेल्या या पट्ट्याला शेवटी रस्त्याने परत आणले. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांना जोडणारा हा दुवा गेल्या काही दशकांत मनोऱ्यांनी भरून गेला. मेट्रोचे खांब उभे राहिले, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम हाती घेण्यात आले. घरांच्या जाहिरातींत पुन्हा 'खाडीचे दृश्य' विकले जाऊ लागले. मार्टिन अल्फान्सोला ज्याचे मोल कळले होते, त्याच दृश्याला पुन्हा किंमत आली. फरक एवढाच, की तेव्हा लोक या दृश्यासाठी इथे येत. आज त्याच्यासमोर राहणारे सुट्टीत येथून निघून जातात.

२४/
या खिडकीच्या टप्प्यात काय काय आहे? पश्चिमेला घोडबंदरची टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला. खाडीच्या मुखाशी वसईचा कोट, ज्याच्या पडक्या चर्चच्या कमानींत पोर्तुगीज वैभव आणि १७३९ चा रणसंग्राम एकत्र वाचता येतो. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी सत्तेच्या अस्ताची सुरुवात झाली. विजय आणि पतन यांच्यामध्ये जेमतेम त्रेसष्ट वर्षे. उत्तरेला वज्रेश्वरी. आणि रस्त्याच्या दक्षिणेला, येऊरच्या जंगलापलीकडे, कान्हेरी.

२५/
कान्हेरीने तर हा सारा हिशेबच जुना ठरतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे या डोंगरात लेणी खोदली गेली. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावे, यासाठी कोठड्या, बसायला दगडी बाक, पाणी साठवायला टाकी. शिलालेखांत दात्यांची गावे आहेत : कल्याण, सोपारा, चौल, नाशिक. दात्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. काही लेखांत दाता आपल्या पुण्यात पत्नीला आणि कुटुंबीयांनाही सहभागी करून घेतो.

२६/
कल्याणचा कोणी व्यापारी आणि त्याची पत्नी दोन हजार वर्षांपूर्वी त्या पायऱ्या चढली असतील, तर ती घराच्या गलबल्यापासून दूर, पाण्याचा आवाज ऐकत बसली असतील का? शिलालेख याचे उत्तर देत नाही. तो फक्त दान नोंदवतो. पण कल्याण-ठाण्याच्या माणसाने शांततेसाठी या डोंगराकडे पाहिले होते, एवढे त्या अक्षरांवरून निश्चित होते.

२७/
एक सावधगिरी मात्र इतिहासच शिकवतो. निवडलेले ठिकाण निवडीची किंमत मोजते. माथेरानला २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित करावे लागले. तिथे आजही खासगी मोटारींना प्रवेश नाही, आणि त्यामुळेच तिथले रान काही प्रमाणात वाचले. घोडबंदर, वसई किंवा कान्हेरी यांना पुढचे लोणावळे करणे हा त्यांच्यावर उपकार ठरणार नाही. तटावर नावे कोरणारे जोडपे आणि शिलालेख वाचणारे जोडपे एकाच वाटेने येते. मागे काय ठेवून जाते, त्यात अंतर पडते.

२८/
साडेतीनशे वर्षांत विसाव्याचा नकाशा पाण्याने ठरवला, मग युद्धाने, मग साहेबाच्या प्रकृतीने, मग रेल्वेने, मग रस्त्याने. 'सगळे जातात' म्हणून आपण ज्या ठिकाणी जातो, ते ठिकाण बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीने निवडले गेलेले असते. मॅलेटने महाबळेश्वर सोडून चौकचा डोंगर पाहिला, कारण तो जवळ होता.

२९/
पंधराव्या मजल्यावरचे जोडपे शनिवारी पहाटे कुठेही जावो. लोणावळ्याला गेले तर बोरघाट चढताना १८६३ आठवावे, महाबळेश्वरला गेले तर प्रतापसिंह महाराज. आणि घाटातली कोंडी पाहून बेत बदललाच, तर गाडी उलट दिशेला वळवावी. टेकडीवरच्या त्या बुरुजापाशी उभे राहिले की खाडीचे ते वळण दिसते, जिथून १६७० च्या दशकात एका परक्या डॉक्टरची होडी गेली होती. मान वळवली तर दूरवर मनोऱ्यांची रांगही दिसेल. त्यांतली एक खिडकी त्यांचीच.